आप्पा, जेट उडवणाऱ्यालाही स्पिटफायर नव्यानं शिकावं लागतं

आप्पा, गेल्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत ते बरं केलं. ‘छान लेख’ म्हणून पुढे सरकणाऱ्यांपेक्षा अमळनेरहून कान उपटणारा एखादा वाचक मला जास्त हवा असतो. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: हवाई दलातून बाहेर पडलेले लढाऊ वैमानिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली स्पिटफायरसारखी विमानं एअर शोमध्ये उडवतात, त्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर आप्पांचं म्हणणं असं की, ज्यानं आयुष्यभर जेट उडवलं त्याला ही खटारा विमानं म्हणजे पोरखेळ, त्यात कौतुक कसलं? सरकारी खर्चानं शिकायचं, पेन्शन घ्यायची आणि मग श्रीमंतांच्या खेळण्यांवर मजा मारायची, हा दुसरा आक्षेप. तिसरा घरचाच. त्यांचा भाचा शिरपूरला विमान शिकतोय, तो लेख वाचून म्हणाला, मला हेच करिअर करायचंय, आणि तेव्हापासून घरात माझ्या नावानं बोटं मोडणं चालू आहे. ‘कापसाला भाव नाही आणि तुम्ही स्पिटफायर घेऊन बसलात’ हा टोलाही होताच. कापसावर मी लिहितो, पुढेही लिहीन. आज स्पिटफायरच.

पोरखेळापासून सुरुवात करू, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

शिरपूरला किंवा धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर दिसणाऱ्या शिकाऊ विमानांना नाकाखाली एक चाक असतं. जुन्या लढाऊ विमानांना ते शेपटीखाली असे. फरक एवढासा वाटतो, पण मोठी दोन चाकं पुढे आणि विमानाचं वजन त्यांच्या मागे, अशी ही रचना. केळीनं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरनं रिव्हर्स घेतलीय ना कधी? जरा तिरपी झाली की ती आणखी तिरपी व्हायला बघते, आपण वेळेवर सावरलं नाही तर आडवी. शेपटीचाकाचं विमान जमिनीवर असंच वागतं. उतरल्यावर शेपूट एका बाजूला सरकायला लागली आणि शेपटीचं सुकाणू हलवणारे पाय उशिरा चालले, तर विमान गर्रकन फिरतं, पंखाचं टोक जमिनीला घासतं. जेटवाल्याची पंचाईत नेमकी इथे होते. आधुनिक जेटमध्ये पायांना फारसं काम उरलेलं नसतं, त्यामुळे हजारो तास उडवलेल्या माणसाचे पाय सुस्तावलेले असतात.

आता स्पिटफायरमध्ये बसू. नाक इतकं लांब आणि वर उचललेलं की जमिनीवर असताना समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून धावपट्टीकडे जाताना विमान नागमोडी न्यायचं, एकदा या बाजूनं बघायचं, एकदा त्या. तेही रेंगाळून चालत नाही. जमिनीवर रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही आणि मर्लिन इंजिन भराभर तापतं. ब्रेक पायात नाही, विमान वळवायच्या हातातल्या दांड्यावर आहे. थ्रॉटल पुढे सरकवून इंजिनचा जोर वाढवला की मर्लिनवालं विमान डावीकडे ओढ घेतं, त्याला पायानं धरून ठेवायचं. पुढच्या काळातल्या स्पिटफायरना ग्रिफन इंजिन आलं, त्याचा पंखा उलटा फिरतो, म्हणून ते उजवीकडे ओढतं. आज एक आणि उद्या दुसरं उडवणाऱ्यानं कालचा पाय आज दिला तर धावपट्टी सुटलीच समजा.

हे सगळं निभावून विमान हवेत गेलं की चाकं आत घ्यायची. त्याची मूठ उजव्या बाजूला आणि दांडा तर उजव्याच हातात. म्हणजे थ्रॉटलवरचा डावा हात काढून दांडा धरायचा, मग उजवा मोकळा करून चाकांची मूठ ओढायची, तेसुद्धा जमीन जेमतेम पायाखालून सुटलेली असताना. नवखा माणूस इथे हमखास ओळखू येतो. हात बदलताना दांडा हलतो आणि विमान मान डोलवतं. खाली उभे असलेले जुनेजाणते गालातल्या गालात हसतात. त्या क्षणी हुद्दा विचारत नाही कुणी, मग आत स्क्वाड्रन लीडर असो की एअर मार्शल.

मूळ स्पिटफायरला सीट एकच. पहिल्या उड्डाणाला मागे मास्तर नाही. म्हणून आधी चिपमंक, मग हार्वर्ड, या दोन सीटच्या शिकाऊ विमानांची चढण असते. हल्ली दोन सीटची स्पिटफायरही मिळतात, तरी शेवटी एकट्यानंच जायचं. ब्रिटनमध्ये लोकांसमोर उडवायचं तर नागरी विमान प्राधिकरणाचा वेगळा परवाना लागतो. कोणत्या गटातलं विमान, किती उंचीपर्यंत खाली, कोणत्या कसरती, हे त्यात ठरवून दिलेलं असतं. परीक्षकासमोर उडवून दाखवल्याशिवाय तो मिळत नाही आणि एकदा मिळाला म्हणून जन्मभर टिकत नाही.

अनुभव आपोआप उपयोगी पडला असता तर शोरहॅम घडलं नसतं. २२ ऑगस्ट २०१५, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा एअर शो. विमान हॉकर हंटर, जुनं लढाऊ जेट, आपल्या हवाई दलातही होतं ते. वैमानिक ब्रिटिश हवाई दलात हॅरियर उडवलेला, नंतर एअरलाइनमध्ये कॅप्टन. वर्तुळाकार कसरतीत माथ्यावर किमान ३,५०० फूट उंची हवी होती, विमान पोचलं सुमारे २,७०० फुटांवर. तिथूनच कसरत सोडून द्यायची, ती सोडली नाही. शेजारच्या रस्त्यावर ११ माणसं गेली. हा वैमानिक दुसऱ्या, कमी वेगाच्या जेटवरही कसरती करत असे, आणि त्या विमानाचे आकडे डोक्यात राहिले असावेत, ही शक्यता तपासात विचारात घेतली गेली. २०१९ मध्ये न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं, तो कायद्याचा भाग वेगळा. तुम्ही ‘लोकांचा जीव घेणारी हौस’ लिहिलंत, त्यात शोरहॅमपुरतं मी वाद घालणार नाही. पण ‘पोरखेळ’ आणि ‘जीवघेणी’ ही दोन्ही विशेषणं एकाच परिच्छेदात कशी काय बसवलीत, आप्पा?

मजा मारण्याबद्दल. ब्रिटिश हवाई दलाची ऐतिहासिक तुकडी १९५७ मध्ये सुरू झाली, आज ती लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला आहे. तिच्याकडे लँकेस्टर बॉम्बर, स्पिटफायर आणि हरिकेन लढाऊ विमानं, मालवाहू डकोटा. तिथे प्रमुख सोडला तर लढाऊ वैमानिकांचं मुख्य काम दुसरंच असतं, आजची टायफून जेट वगैरे उडवण्याचं. हे काम वरचं, स्वेच्छेनं घेतलेलं, उन्हाळ्यातले शनिवार-रविवार घालवून. मे २०२४ मध्ये त्यांतला एक, स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग, स्पिटफायर पडून गेला. तोही सेवेतच होता.

दल सोडलेल्यांची गोष्ट निराळी, आणि भाच्यानं ती नीट वाचावी. रे हॅना न्यूझीलंडचा. १९४९ मध्ये ब्रिटिश हवाई दलात आला, १९६६ ते १९६९ रेड ॲरोज या कसरत पथकाचा प्रमुख होता. बाहेर पडल्यावर पोट भरलं ते कॅथे पॅसिफिकमध्ये. एमएच ४३४ हे स्पिटफायर तेव्हा स्वायर कुटुंबाकडे होतं, आणि कॅथे पॅसिफिक त्याच स्वायरांच्या समूहाची. हॅना ते विमान उडवायचा. १९८३ मध्ये लिलाव झाला तेव्हा त्यानं भागीदार जमवून ते घेतलं. म्हणजे लष्करानं हात तयार केला, एअरलाइननं भाकरी दिली, ओळखीनं विमान मिळालं. या माणसाच्या हाताला तोड नव्हती असं आजही म्हणतात. त्याचा मुलगा मार्क, तोही हवाई दलात फँटम उडवलेला, १९९९ मध्ये स्पेनमध्ये जुन्या बुचोन विमानाच्या अपघातात गेला. मजाच मारायची असती तर बाप-लेकांनी गोव्यात फ्लॅट घेतला असता.

दुसरा मार्टिन विदर्स. १ मे १९८२ च्या पहाटे, ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात, फॉकलंड बेटांवरच्या स्टॅनलीच्या धावपट्टीवर व्हल्कन हे बॉम्बर जेट घेऊन बॉम्ब टाकणारा हाच. जाऊन-येऊन सुमारे १६ तासांचं उड्डाण. पुढे लोकवर्गणीतून दुरुस्त झालेलं व्हल्कन एक्सएच ५५८ त्यानं एअर शोमध्ये उडवलं, ऑक्टोबर २०१५ मधल्या शेवटच्या उड्डाणापर्यंत. ते श्रीमंताचं खेळणं नव्हतं, आप्पा. पेन्शनरांनी पाच-दहा पौंड पाठवून जगवलेलं विमान होतं. ते बंद झालं ते जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी तांत्रिक पाठिंबा काढून घेतला म्हणून.

पैशाचं सरळ सांगतो: या कामावर घर चालवणारे जगात बोटावर मोजण्याइतके. बाकीचे एअरलाइनचे पगारी किंवा पेन्शनर. विमान मालकाचं असतं, आणि मालक ते कोणाच्या हाती द्यायचं हे वर्षानुवर्षं माणूस बघून ठरवतो. त्यामुळे भाच्याला ‘करिअर’ म्हणून हे सांगू नका, एवढं तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त. माझ्या लेखात विदर्स-हॅनाचं उड्डाण होतं, त्यांची एअरलाइनची रात्रपाळी नव्हती, कारण रात्रपाळीवर लेख कोण वाचतो?

आपल्याकडे वाट आणखी अरुंद. हवाई दलाची जुन्या विमानांची व्हिंटेज तुकडी दिल्लीजवळ हिंडनला आहे. तिथलं डकोटा ‘परशुराम’ इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन एप्रिल २०१८ मध्ये उडत भारतात आलं. त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख पलटणीला घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. ते उडवणारे सेवेतले अधिकारी. दल सोडून मग हे काम मिळवू, असा रस्ताच इथे नाही. खरं तर विमानं आपल्याकडे कमी नव्हती. अमेरिकेत कॉलिंग्स फाउंडेशननं वर्षानुवर्षं उडवलेलं बी-२४ लिबरेटर हे बॉम्बर एकेकाळी भारतीय हवाई दलात होतं. आपण भंगारात काढलं, त्यांनी जपलं. याचा मला राग येतो, आणि तो तुमच्या कापसाच्या रागाइतकाच खरा आहे.

भाच्याचं असं करा. आधी व्यावसायिक परवाना होऊ द्या, कर्ज फिटू द्या. चोपडा तालुक्यात वर्डीच्या डोंगरात जुलै २०२१ मध्ये शिकाऊ विमान पडलं होतं, प्रशिक्षक गेले, शिकाऊ मुलीला तिथल्या आदिवासींनी झोळी करून खाली आणलं. ते आठवून ताई घाबरत असतील तर ते चूक नाही, मुलाशी बसून बोला. हवाई दलाची परीक्षा द्यायचं वय अजून असेल तर जरूर द्यायला सांगा, अल्पकालीन सेवेतही चौदा वर्षं मिळतात. आणि स्पिटफायरचं वेड डोक्यातून काढू नका, नुसतं खालच्या फळीवर ठेवायला सांगा. मला फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर, तोपर्यंत मी दुकानात असतो.