कुठेही पडू आम्ही

खाकी चिकटपट्टीचा डिंक फरशीवर राहिला तर पाण्याने घासत बसू नये, तो आणखी पसरतो. खोबरेल तेलाचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबावं, मग बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडावं आणि शेवटी भांड्याच्या साबणाने पुसून घ्यावं. हे ज्ञान मला काल प्राप्त झालं. गौरी-गणपती बोळवून घरी आलो, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर साडेपाच फूट बाय दोन फुटांचा एक चिकट आयत उरला. तीन रात्री मी त्या आयतात झोपलो. ज्या घराचे हप्ते अजून अकरा वर्षं माझ्याच खात्यातून जाणार आहेत, त्या घरात.

‘आमची काळजी करू नका हो, कुठेही पडू आम्ही,’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याच्या घराला नक्की पडवी असणार. ओटी, माजघर, पडवी असलेल्या घरात ‘कुठेही’ नावाची जागा असते. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत ती नकाशावरच नसते. त्यातून हॉलचा पूर्वेकडचा भाग देवाकडे गेलेला. आम्ही तिघं, पाहुणे सहा ठरलेले, आले सात.

गाद्यांचं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. जास्तीच्या गाद्या पलंगाच्या बॉक्समध्ये असतात, आणि बॉक्स उघडायला पलंगावरची गादी उचलावी लागते. म्हणून हे काम पाहुणे यायच्या चार दिवस आधी करावं, पलंगावर आत्या आडवी झाल्यावर नव्हे. झाकण धरणारा गॅसचा दांडा पाच-सहा वर्षांत दम सोडतो, तेव्हा हात आत घालण्याआधी झाकणाखाली जाड लाकडी दांडकं लावावं. पावसाळ्याआधी गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात ते तर चूकच. कापसात मुरलेली ओल आत कोंडते आणि भाद्रपदात उघडलं की कुबट वास येतो. जुन्या सुती साडीत गुंडाळावं, पंधरवड्यातून एकदा बॉक्स तासभर उघडा ठेवावा. भाद्रपदात उन्हाची खात्री नाही, म्हणून गाद्या भिंतीला उभ्या टेकवून दोन्ही बाजूंनी तीन-तीन तास पंखा द्यावा. डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील तर किमान दोन दिवस वारा हवा, नाहीतर पाहुण्यांचं डोकं चढतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात तर त्या अजिबात नकोत.

गीझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. पाणी कडक व्हायला अठरा-वीस मिनिटं लागतात आणि गार पाणी मिसळून जेमतेम दोन बादल्या होतात. दहा माणसं, माणशी एक बादली, म्हणजे पाच फेऱ्या आणि पावणेदोन तास. घोळ एकाच ठिकाणी होतो. पहिला माणूस गरम नळ भसाभसा सोडतो, जेवढं गरम बाहेर पडतं तेवढं गार आत शिरतं आणि तिसऱ्याला कोमट मिळतं. पहिल्या दोघांचं पाणी गॅसवर तापवावं आणि सोवळ्यात स्वयंपाकाला बसणाऱ्यांना पुढचा नंबर द्यावा. आमच्याकडे तो नंबर पुरुषमंडळींनी दाढ्या करायला घेतला आणि पुरणाला बसणाऱ्या दोघी गार पाण्याने उरकून मोकळ्या झाल्या. यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

तर सातवा पाहुणा. माझ्या मेहुणीच्या नणंदेचे यजमान, सगळे त्यांना भाऊजी म्हणतात. आयुष्यभर जमिनींची मोजणी करून निवृत्त झालेले. पिशवीत एक सदरा, एक पंचा आणि पाच मीटरचा टेप.

मी कागदावर आधीच आखणी केली होती. हॉल १४ बाय १०. मखर आणि त्यापुढे समई, पाट, आरतीला उभं राहण्याची जागा धरून पाच फूट गेले, उरले नऊ. ६ बाय ३ च्या तीन गाद्या शेजारी-शेजारी जोडल्या की नऊ फूट रुंदी होते आणि तिच्यात पाच जण मावतात, माणशी साडेएकवीस इंच. गाद्यांच्या फटीत दुमडलेली चादर ठोसायची, वरून दोन डबल चादरी आडव्या घालायच्या, म्हणजे फट पाठीला लागत नाही. डोकी गणपतीकडे, पाय पश्चिमेला. देवाकडे पाय नाहीत, दक्षिणेकडेही नाहीत. पंखा दोनवरच, कारण तीनवर केला की समईची ज्योत पुठ्ठ्याच्या मखराकडे झुकते. त्याऐवजी उशाशी टेबलफॅन ठेवायचा, मखराकडे पाठ करून.

भाऊजींनी कागद पाहिला आणि विचारलं, ‘दिशा कशावरून?’

‘रोज मखरामागच्या खिडकीतून ऊन येतं.’

‘सूर्य सरकतो.’

सरकतो हे खरं, पण भाद्रपदात तो जवळजवळ नेमका पूर्वेलाच उगवतो. हे मी म्हणेपर्यंत त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं होतं. उत्तर सोफ्यात निघाली. ते वळले, तर उत्तर टीव्हीत. पुन्हा वळले, तर स्वयंपाकघरात, आत्याच्या अंगावर. थोडक्यात, भाऊजी वळतील तिकडे उत्तर त्यांच्या पोटाशी यायची. मोबाइलने सूचना केली की हवेत इंग्रजी आठ काढा. भाऊजी मखरासमोर उभे राहून दोन्ही हातांनी सावकाश आठ काढू लागले. त्यात मोबाइलची बॅटरी चुकून लागली. तेवढ्यात दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकूंनी दारातच चपला काढल्या, हात जोडले आणि आरती सुरू केली. मुलांनी टाळ्या धरल्या. कुणीतरी घंटा घेतली. भाऊजींना थांबता येईना, देवापुढून मधेच कसं हलायचं? पूर्ण आरतीभर त्यांनी आठ काढले. शेवटी काकूंनी मोबाइलवरून हात फिरवून डोळ्यांना लावले.

‘काका, कव्हर काढा,’ माझा मुलगा म्हणाला. ‘झाकणाच्या बंदाला चुंबक आहे.’

‘कव्हरचा काय संबंध? दिशा आहेत त्याच असतात.’

होकायंत्राशी लोखंड नको, म्हणून ज्या माणसाने तीस वर्षं शेतकऱ्यांचे विळे बांधापलीकडे ठेवायला लावले, तो हे म्हणत होता! कव्हर निघालं. उत्तर जिथे असायची तिथे आली. चाळीस मिनिटांनी भाऊजींनी निकाल दिला, ‘डोकी गणपतीकडे, पाय पश्चिमेला.’

माझाच कागद होता तो. पण आता त्याला मोजणीची प्रत म्हणायचं होतं. खाकी चिकटपट्टी मागवली गेली (माझ्याच कपाटातून) आणि गाद्या घालायच्या जागेवर पाच पोटहिस्से पडले. एक नंबर, खिडकीलगतचा, भाऊजींचा. दुसऱ्या क्रमांकाच्या मेव्हण्याचा हात रात्री एक नंबरात जातो म्हणून त्याला अतिक्रमणाची तोंडी नोटीस मिळाली. खोलीत पलंगावर दोघी, खाली दोघी. उरलो मी.

‘तुमची सोय पॅसेजमध्ये,’ ते म्हणाले. पॅसेज तीन फुटांचा. त्यातला एक फूट वहिवाटीचा रस्ता म्हणून सोडला, दोन फूट माझे. ‘उंची किती?’ पाच-आठ. ‘मग पाय जरा दुमडा, पुढे गौरीची पावलं काढायचीत.’ आणि पॅसेज दक्षिणोत्तर असल्याने दक्षिणेकडे पाय नको, म्हणून डोकं दक्षिणेला. दक्षिणेला न्हाणीघराचं दार आणि त्याचं ओलं पायपुसणं.

माणसांनी घर भरावं, हे मला मनापासून वाटतं. आवाहनाच्या संध्याकाळी गौरी उंबऱ्यातून आत येताना हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती, तेव्हा गळा भरूनही आला. पण रात्री एक ते पहाटे साडेचार या वेळात नऊ माणसं वहिवाटीचा रस्ता वापरतात, आणि त्यातली किमान सहा जणं तो न वापरता सरळ जातात. प्रत्येक जण ‘सॉरी सॉरी’ म्हणून पाया पडतो. आवाहन, पूजन, विसर्जन गौरींचं असतं. पाया मात्र लोक माझ्या पडत होते. भाऊजी पाया पडत नव्हते. ते ओलांडून जायचे आणि परतताना बॅटरीच्या उजेडात माझा गुडघा रेघेबाहेर तर नाही ना, ते बघायचे.

निघताना आत्याने विचारलं, झोप झाली ना सगळ्यांची? ‘उत्तम,’ भाऊजी म्हणाले, ‘फक्त यजमानांचं आधी नियोजन नव्हतं.’

मघाशी एका हाताने कार्ड घासत असतानाच त्यांचा पोचल्याचा फोन आला. सुखरूप आहेत, टेप आमच्याकडे राहिलाय.

‘आणि ती पट्टी काढू नका बरं का,’ ते म्हणाले. ‘भाऊबीजेला येतोच आहोत.’