बिनव्याजी कर्जाचे सोवळे

2007 साली न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींच्या टपालपेटीत क्रेडिट कार्ड कंपन्यांची पत्रे मोठ्या नेमाने येऊन पडत. दुसऱ्या कार्डावरची थकबाकी आमच्या कार्डावर आणा आणि वर्षभर शून्य टक्के व्याजाने वापरा, असा त्यांचा आग्रह असे. माझ्यावर कसलीच थकबाकी नव्हती; परंतु पत्रासोबत माझे नाव छापलेले कोरे धनादेशही येत आणि ते स्वतःच्याच बचत खात्यात भरण्यास कोणाची हरकत नसे. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर 5.25 टक्के होता आणि काही ऑनलाइन बचत खात्यांवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज सहज मिळत होते. कंपनीचे दहा हजार डॉलर बँकेत ठेवावेत, व्याज आपण खावे आणि वर्षाअखेरीस मुद्दल साळसूदपणे परत करावे, हा बेत एका सहकाऱ्याने कॅन्टीनमधल्या कागदी रुमालावर आकडेमोड करून मला समजावला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची इतकी सोय आमच्या सात पिढ्यांत कोणाला लाभली नव्हती.

बारीक टाइपातल्या अटी मी त्याच रात्री भिंग घेऊन वाचल्या. हस्तांतरणाचे शुल्क तीन टक्के, मात्र 75 डॉलरहून अधिक नाही, हे ठीक होते. दरमहा दोन टक्क्यांचा किमान हप्ता भरायचा, हेही ठीक. तो एक दिवस जरी चुकला, तरी 39 डॉलर दंड आणि शून्याचे थेट तीसच्या घरात जाणारे व्याज, येथे मात्र घशाला कोरड पडली. शिवाय भरलेले पैसे आधी स्वस्त कर्जाला लागत. म्हणजे त्या कार्डावर दुधाची एक बाटली जरी घेतली, तरी सगळे दहा हजार फिटेपर्यंत ती बाटली अठरा टक्क्यांनी फुगत राहणार. (किमान हप्त्याहून जास्त भरलेली रक्कम आधी महागड्या कर्जाला लावण्याचे बंधन अमेरिकी संसदेने 2009 च्या कायद्याने घातले, मला त्याचा उपयोग शून्य टक्के.) म्हणून ते कार्ड मी कपाटात, पासपोर्टांच्या खाली, अक्षरशः सोवळ्यात ठेवले. ज्या कार्डावर दूधही घेता येत नाही, त्यामुळे आपण श्रीमंत कसे होणार, हा सौभाग्यवतींचा प्रश्न मी अर्थशास्त्राच्या अज्ञानात जमा केला.

हप्ता मी मुदतीच्या कितीतरी आधी भरत असे आणि नंतर तो पोहोचला की नाही हे विचारण्यासाठी फोन करीत असे. माझा फोन आपल्यासाठी किती महत्त्वाचा आहे, हे तिकडचे यंत्र अर्धा-अर्धा तास सांगत राही. दरम्यान, कार्डाची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली गेल्यामुळे माझा क्रेडिट स्कोअर घसरला आणि घराच्या कर्जाची चौकशी करायला गेलो असता तेथील अधिकाऱ्याने मला सहानुभूतीने पाणी दिले.

सर्वांत अवघड गेले ते सांगलीला फोनवर समजावणे. मी दहा हजार डॉलर कर्ज काढल्याचे ऐकताच वडिलांनी विचारले, “घरात कोणी आजारी आहे का?”

“नाही, बाबा. व्याज मिळवायला काढलंय.”

“कर्ज काढल्यावर व्याज मिळतं? देतं कोण?”

“दुसरी बँक.”

बराच वेळ फोनवर नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “त्या दुसऱ्या बँकेला हे ठाऊक आहे का?”

वर्ष संपले तेव्हा हिशेब असा निघाला: दर महिन्याला हप्त्यापोटी मुद्दल घटत गेल्याने व्याज पाचशेऐवजी साडेचारशेच्या आसपास; त्यातून शुल्क 75 डॉलर आणि केंद्राचा व राज्याचा मिळून सुमारे एकशे तीस डॉलर प्राप्तिकर. उरले जेमतेम अडीचशे. फोनवर घालवलेल्या तासांची मजुरी यात धरलेली नाही.

शेवटचा हप्ता भरून कर्ज फिटल्याचे मी सांगलीला कळवले. मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरले म्हणून वडिलांनी त्याच संध्याकाळी सबंध गल्लीत पेढे वाटले. तो खर्चही यात धरलेला नाही.