डॉक्टर डूम व्हायचं आहे? ठाण्यात राहूनही जमेल

खलनायक व्हायचं मनात आलं असेल तर आधी बॅटमनच्या वैऱ्याचा, जोकरचा नाद सोडा. तो १९४० साली कॉमिक्समध्ये आला, पण त्याची कुळकथा अजून कुणी एकमताने सांगत नाही. पूर्वेतिहास नसलेला माणूस ठाण्यात टिकत नाही. इथे भाड्याने वन बीएचके घ्यायला गेलात तरी मूळ गाव कुठलं, आधी कुठे होतात, ते का सोडलंत, हे सगळं विचारून मगच किल्ली देतात.

गॅलॅक्टसही नको. १९६६ पासून तो ग्रहच्या ग्रह गिळतोय आणि गिळण्याआधी एक चकचकीत दूत पुढे पाठवतो. घोडबंदर रोडला ही पद्धत जुनी झाली. तिथला दूत सिग्नलला गाडीच्या काचेतून गुळगुळीत पत्रक आत सरकवतो, आणि बघता बघता डोंगराचा पायथा गायब होतो. तुम्ही त्यात नवीन काय करणार?

सुपरमॅनचा वैरी लेक्स ल्युथर त्यातल्या त्यात आपल्यातला वाटतो. १९६० च्या एका गोष्टीत त्याच्या प्रयोगशाळेला आग लागते, सुपरबॉय, म्हणजे पोरवयातला सुपरमॅन, फुंकर मारून ती विझवतो, पण रसायनांच्या धुराने ल्युथरचे केस जातात आणि जन्माचं वैर सुरू होतं. जीव वाचला ते राहिलं बाजूला. पण टँकरच्या पाण्याने केस गेले आणि त्याला कमिटी जबाबदार आहे, असं मानणारी माणसं आपल्याकडे मजल्यागणिक निघतील. एवढ्या गर्दीत तुमचं टक्कल उठून दिसायचं नाही.

तेव्हा थेट डॉक्टर डूमला गुरू करा.

व्हिक्टर व्हॉन डूम, मार्व्हल कॉमिक्समधला पोलादी मुखवट्याचा खलनायक. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ साली 'फॅन्टॅस्टिक फोर' या चार हिरोंच्या कॉमिकच्या पाचव्या अंकात त्याला आणलं. सविस्तर जन्मकथा मात्र १९६४ च्या वार्षिक अंकात आली. युरोपातला लॅटव्हेरिया नावाचा काल्पनिक चिमुकला देश, रोमानी भटक्यांच्या तांड्यात जन्म. बाप वैदू, आई जादूटोणा करणारी. आई आधीच गेलेली. तिथल्या सरदाराच्या बायकोला वाचवता आलं नाही म्हणून बाप पोराला घेऊन पळाला आणि डोंगरात गारठून मेला. पोराची बुद्धी अचाट, म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठाने बोलावून घेतलं. इथवर वाचताना त्याच्याबद्दल वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं. खलनायकाला ही ठेव लागते, पुढे आयुष्यभर त्यावर व्याज खाता येतं. तुमच्याकडे एवढं दुःख नसेल तर सकाळच्या फास्टला दारात लटकून काढलेली कॉलेजची वर्षं वापरा.

आता मुख्य प्रसंग. होस्टेलात राहून डूम मेलेल्या आईशी संपर्क साधणारं यंत्र बांधतो. (आपल्याकडे या कामाला कावळा पुरतो. त्याला भात लागतो, वीज लागत नाही, आणि तो फुटत नाही.) रीड रिचर्ड्स नावाचा सहाध्यायी (पुढे हाच फॅन्टॅस्टिक फोरचा म्होरक्या) टेबलावरचे कागद बघतो आणि सांगतो, बाबा रे, तुझं गणित एके ठिकाणी चुकलंय. डूम म्हणतो, तू तुझं बघ. यंत्र फुटतं, तोंड भाजतं, विद्यापीठ हाकलून देतं. आणि ठपका कुणावर? रिचर्ड्सवर. म्हणे त्यानेच जळून काहीतरी केलं असणार.

पुढचं पान उलटण्याआधी हे घोटून घ्या. चिलखत, किरण, मंत्रतंत्र ही नंतरची भरती. मूळ शक्ती ही, आणि ती मिळवायला किरणोत्सर्गी कोळी चावावा लागत नाही.

सराव कसा करायचा? समजा, गच्चीवर सोलर बसवायचं काम तुम्ही अंगावर घेतलंय. प्लंबर कशाला, मी आहे ना! चौथ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर काका चपला फटफटवत वर येतात, चष्मा कपाळावर चढवतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "अहो, हा नॉन-रिटर्न व्हॉल्व उलटा बसलाय. बाण बघा की." बाण असतोच. पितळेवर उठवलेला, अर्धा पांढऱ्या टेपखाली गेलेला आणि चक्क उलट्या दिशेला. तुम्ही म्हणायचं, "काका, तुम्ही खाली जा, ऊन लागेल." संध्याकाळी जोड सुटतो, ए विंगच्या जिन्यात ऐन मे महिन्यात येऊरचा धबधबा सुरू होतो आणि पाइपचं टोक तुमच्या कपाळाला लागतं. बोटभर ओरखडा. डेटॉल लावलं तर दोन दिवसांत जाईल इतकाच.

जाऊ देऊ नका.

डूमच्या चरित्रातली सगळ्यात उपयोगी गोष्ट इथेच आहे. खुद्द कर्बी यांच्या मनात असं होतं की मुखवट्याआडचा व्रण अगदी किरकोळ असावा. माणूसच असा गर्विष्ठ की तेवढाही त्याला सोसवला नाही. पुढे १९८० च्या दशकात लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी हा धागा धरून दाखवलं की स्फोटाने फारसं काही बिघडलंच नव्हतं. चेहरा गेला तो तिबेटात. तिथल्या डोंगरातल्या भिक्षूंकडून डूमने चिलखत घडवून घेतलं आणि पोलादी मुखवटा निवायच्या आत स्वतःच तोंडावर चढवला. म्हणजे ओरखडा यंत्राचा, बाकी सगळी करणी स्वतःची आणि बिल रिचर्ड्सच्या नावावर.

तुम्हाला तिबेटला जायला नको. रात्री साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर कपाळाचा फोटो टाका आणि खाली एवढंच लिहा: "काही जणांना आज समाधान लाभलं असेल." नाव घ्यायचं नाही. सकाळपर्यंत मुखवटा घट्ट बसलेला असतो, आणि हात जोडलेल्या प्रत्येक इमोजीगणिक तो आणखी आवळतो.

पदवीची चिंता नको. डूमला विद्यापीठाने हाकललं, तरी तो 'डॉक्टर'च राहिला आणि कुणी प्रमाणपत्र मागितलं नाही. आपल्याकडे तर मानद डॉक्टरेट शाल-श्रीफळासकट घरपोच मिळते. लॅटव्हेरियाचं सिंहासन बळकावल्यावर त्याने राजधानीला स्वतःचं नाव दिलं, डूमस्टाट. तुम्ही तूर्त माजिवड्याच्या फ्लेक्सवर समाधान माना. काळा गॉगल, कानाला मोबाइल, खाली शुभेच्छुकांची तीसेक मुंडकी. डूम स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखा बोलतो, "डूमला हे मंजूर नाही" अशा थाटात. तेही शिकून घ्या. "साहेबांना हे आवडलेलं नाही," हे साहेबांनीच म्हटलं की समोरचा गारच पडतो.

बाकीच्या शक्ती भरपूर आहेत, पण त्याने त्या कशा वापरल्या ते बघा. ओव्हॉइड नावाच्या परग्रहवासीयांकडून तो मनांची अदलाबदल शिकला. नजरानजर करून दुसऱ्याच्या देहात शिरायची विद्या! त्याच्याकडे कालयंत्रही आहे. पहिल्याच गोष्टीत त्याने फॅन्टॅस्टिक फोरमधल्या स्यूला ओलीस धरलं आणि बाकी तिघांना भूतकाळात पाठवलं, कशासाठी, तर ब्लॅकबिअर्ड चाच्याच्या खजिन्याची पेटी आणायला. रिचर्ड्सने पेटीत साखळदंड भरून ती हवाली केली. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाच्या हाती ते यंत्र दिलं असतं तर त्याने खजिना मागितला नसता. पाऊण तास मागे जाऊन तो घरीच बसला असता.

सगळ्यात कामाचे मात्र डूमबॉट. हुबेहूब डूमसारखे दिसणारे यंत्रमानव, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की खरा डूम मीच. डूम कुठे हरला, कुठे शोभा झाली, की मागाहून कळतं, तो डूमबॉट होता. एक्स-मेनच्या एका कथेत आर्केड नावाचा फालतू बदमाश डूमच्या चिलखतावर काडी ओढून पेटवतो. बर्न यांना हे रुचलं नाही. त्यांनी नंतर दाखवलं की तो डूमबॉट होता, आणि एवढा अपमान सोसल्याबद्दल डूमने त्याचा चुराडा केला. "मेसेज माझ्या मुलाने टाकला", "अकाउंट हॅक झालं होतं", ही आपली घरगुती आवृत्ती. सर्वसाधारण सभेत मात्र हे चालायचं नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तिथे सभासदाऐवजी मुखत्यार किंवा प्रतिनिधी बसवता येत नाही. डूमला न्यूयॉर्कमध्ये अटक करायला गेलं की तो राष्ट्रप्रमुख म्हणून मिळणारं राजनैतिक संरक्षण पुढे करतो. क्लब हाऊसमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला असलं काही नसतं.

शेवटची सूचना देण्याघेण्याची. १९७३ च्या एका कथेत डूमने पळालेले यंत्रमानव शोधायला ल्यूक केज नावाच्या मजुरीवर काम करणाऱ्या हिरोला लावलं आणि काम झाल्यावर दोनशे डॉलर न देताच निघून गेला. देशाचा राजा, आणि दोनशे डॉलर! केजने फॅन्टॅस्टिक फोरकडून विमान उसनं घेतलं, थेट लॅटव्हेरिया गाठलं, मारामारी केली, मधल्या भानगडीत उलट डूमचाच जीव वाचवला आणि पैसे घेऊनच परतला.

तुमच्याकडे येणारा सोसायटीचा खजिनदार विमानाने येत नाही, लिफ्टने येतो. लिफ्ट बंद असेल तर सात मजले चढून येतो आणि मग घासाघीस ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. थकलेल्या मेंटेनन्सवर सोसायटीला सरळव्याज लावता येतं, ते तो जिना चढतानाच मोजून आलेला असतो. दार उघडताना मुखवटा राहू द्या, पण चेकबुक हाताशी ठेवा. ए विंगच्या जिन्याच्या रंगाचा खर्च त्याने तुमच्याच नावावर वेगळा लावलाय. व्हॉल्वचे पैसे त्यात नाहीत, तो काकांनी परवा फुकट फिरवून दिला.