लाल दिव्याची गाडी

लाल दिव्याची गाडी दारात उभी राहावी म्हणून माणसं काय काय करत असत. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या टपावरचे दिवे उतरले आणि तो रुबाब संपला. जुन्या डिझेल पिकअपवाल्याचा मात्र अजून शाबूत आहे. त्याचा दिवा टपावर नसून स्टिअरिंगमागे असतो, एवढाच फरक. तो लागला की समोरचे बाजूला होत नाहीत, आपणच बाजूला व्हायचं असतं.

गोल, दोन्ही बाजूंना कंस, मध्ये उद्गारचिन्ह. डॅशबोर्डवरच्या चित्रांत मला हे सर्वांत उद्धट वाटतं. ऑइलची झारी, बॅटरीचा डबा, थर्मामीटर ही मंडळी निदान आपापलं दुखणं सांगतात. हा बाबा नुसताच ओरडतो. कारण एकाच दिव्याच्या वायरीवर तक्रारदार अनेक बसवलेले असतात. हँडब्रेकचा स्विच, ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणातला फ्लोट, आणि काही मॉडेलांत व्हॅक्यूमचा, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या हवेच्या ओढीचा स्विच. जुन्या वाड्याला दिंडीदरवाजा एकच. कडी वाजली की पाहुणा कुणाकडचा ते बघायला सगळ्या बिऱ्हाडांनी बाहेर यायचं.

गॅरेजमध्ये यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘एअर धरलीय, काढून टाकू,’ म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत हवा शिरलीय. दिवा वायरीमुळे लागलेला असो की उंदरामुळे, एअर आधी निघते. मग मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याला, रबरांचं किट पडतं, मग चाकातले लायनर बदलतात, मग आख्खा बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा. शेवटी हँडब्रेकच्या दांडीखालचा स्विच चिखलाने अडकलेला सापडतो. तो साफ करायला लागतं बोटभर फडकं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दिवा कधी लागतो ते बघायचं. घाटातल्या वळणावर लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो? डब्यात ऑइल कमी आहे, वळणावर ते एका अंगाला जातं आणि फ्लोट खाली बसतो. पहिल्या पावसात लागतो? झाकणावरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. दांडी दोन बोटं वर उचलून सोडली की विझतो? मघाचा चिखल. सिग्नलला इंजिन आयडलवर असताना लागतो आणि रेस दिल्यावर विझतो? आता मात्र व्हॅक्यूमकडे बघावं लागेल.

ब्रेक ऑइलबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, की ते डिझेलसारखं खर्च होतं. ते खर्च होत नाही. पातळी उतरली तर एक तर पॅड-लायनर झिजले, पिस्टन बाहेर सरकले आणि ऑइल त्यांच्या मागे गेलं; नाहीतर कुठेतरी गळतंय. चाकं न बघता डबा काठोकाठ भरणारा माणूस फक्त दिव्याचं तोंड दाबतो. पुढे नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल उतू जातं आणि खालच्या पत्र्याचा रंग सोलून काढतं. भरायचं ते झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४. शेजारी पडलेलं इंजिन ऑइल ओतलं तर आतली सगळी रबरं फुगतात आणि मग मघाची ती किटांची यादी खरंच लागते. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. माल भरून घाट उतरताना त्या दोन आकड्यांमधलं अंतर पायाला कळतं.

पाय हे खरं तर उत्तम मीटर आहे. पेडल स्पंजासारखं दबतंय तर एअर. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय तर मास्टर सिलिंडरची वॉशरं गेली किंवा गळती. आणि पेडल दगडासारखं कडक, दोन्ही पाय घातले तरी गाडी थांबायचं मनावर घेत नाही, तर व्हॅक्यूम. कडक पेडलवर एअर काढणं म्हणजे दात दुखतोय म्हणून पायाला प्लास्टर.

पेट्रोल इंजिनाला व्हॅक्यूम फुकट मिळतो, थ्रॉटलची झडप मिटली की मॅनिफोल्डमध्ये आपोआप तयार होतो. जुन्या डिझेलला ती झडपच नसते, म्हणून वेगळा पंप. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला चिकटलेला असतो. एकाच दांड्यावर पुढे वीज, मागे व्हॅक्यूम, आणि दोघांना फिरवणारा बेल्ट एक. त्यामुळे बॅटरीचा आणि ब्रेकचा दिवा जोडीने लागले तर बूस्टरकडे न बघता बेल्टवर अंगठा दाबा. मध्यावर साधारण १० ते १२ मिमी दबायला हवा. पंपाला वंगण इंजिनचंच, बारीक पाइपमधून येतं आणि जाड पाइपमधून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळच्या ऑइलच्या डब्यात, परत जातं. येणारा पाइप चोंदला की पाती घासून जातात, जाणारा चोंदला की पंप ऑइलने तुंबतो आणि ठोकायला लागतो. मधलं सील फाटलं तर ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरून कार्बन भिजवतं. मग इलेक्ट्रिशियन म्हणतो ‘मिस्त्रीचं काम’, मिस्त्री म्हणतो ‘लाइटचं काम’, आणि पिकअप दोन गाळ्यांच्या मध्ये उभी.

तपासणीला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पाय किंचित खाली गेला तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचतोय. आता उलट. मिनिटभर इंजिन चालवा, पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा, तीस सेकंद मोजा. पेडलने पाय वर ढकलला तर साठवलेला व्हॅक्यूम निसटतोय. पेडल दाबताना पायापाशी सापासारखा फुस्स आवाज येऊन थांबेना, तर बूस्टरचा पडदा किंवा आतलं सील गेलंय.

मग व्हॅक्यूम गेज. बूस्टरच्या पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून जोडा. आयडलवर अर्ध्या मिनिटात काटा पाऱ्याच्या ५०० मिमीपलीकडे गेलाच पाहिजे. धडधाकट पंप ६०० ओलांडतो. पण उंचीचं भान ठेवा. समुद्रकाठी हवेचा दाबच ७६० असतो, महाबळेश्वरला जेमतेम ६४५. मुंबईत ६८० दाखवणारा पंप वर ५७० च्या आसपास दाखवणार. तेवढ्यावर पंप बदलला तर थंड हवेच्या ठिकाणाची ती सर्वांत महाग स्ट्रॉबेरी.

काटा चढतच नसेल तर गेज थेट पंपाच्या तोंडाला लावा. तिथे भरपूर आणि बूस्टरपाशी नाही, तर चोर मधल्या पाइपात आहे. या पाइपाच्या जागी लोक काय वाटेल ते बसवतात, आणि त्यात शेगडीची नळी माझी विशेष लाडकी. थंड असताना ती नामी चालते. इंजिन तापलं की मऊ पडते आणि आतल्या ओढीने स्वतःचाच गळा दाबून घेते. गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत ती गार होऊन पुन्हा फुगलेली असते, त्यामुळे रोग कधीच सापडत नाही. व्हॅक्यूमसाठीचाच जाड, दोऱ्याची वीण असलेला पाइप घ्या.

पाइपातला एनआरव्ही, म्हणजे हवा एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फुंकून बघा. बूस्टरच्या बाजूने फुंकलं की हवा जायला हवी, पंपाच्या बाजूने नाही. दोन्हीकडून गेली तर तो व्हॉल्व्ह नाही, शिट्टी आहे. उलटा बसवला असेल तर पंप नवा असूनही पेडल दगड. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवायची सोय, असलेल्या गाड्यांत याच व्हॅक्यूमवर आणखी बारीक नळ्या टांगलेल्या असू शकतात. त्या उंदरांना फार आवडतात. एकेक नळी चिमटीत दाबून काटा चढतो का बघायचं.

इथे साबणाचा फेस लावणारे भेटतातच. फेस पंक्चरला ठीक, कारण तिथे हवा बाहेर येते. इथे ती आत जाते. बुडबुडा येणारच नाही, भोक फेस गिळून टाकेल आणि तुम्ही ‘पाइप ओके’ म्हणून मोकळे. त्यापेक्षा हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं जोडांवरून फिरवा, पट्ट्यापासून लांब राहून.

डब्यातलं ऑइल कमी होतंय, पण चाकं कोरडी आणि जमिनीवर थेंब नाही, असाही एक चमत्कार असतो. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो जरा पुढे ओढा. मागचं सील गेलं असेल तर ऑइल बूस्टरच्या पोटात जाऊन बसलेलं असतं.

उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे महाभाग आहेत, त्यांच्यासाठी एवढंच. पंप थांबल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. चौथा दाब स्वतःच्या मांडीच्या जोरावर. पट्टा तुटला तरी तेच. तेव्हा पेडल पंप करू नका, एकदाच दाबून धरा आणि गिअर खाली आणा.

जुनी पिकअप विकत घ्यायला जाल तेव्हा एक डॅशबोर्ड असा दिसेल की बघून समाधान वाटावं. चावी फिरवली, लाल काहीही लागलं नाही. मालक म्हणेल, ‘बघा, एक तक्रार नाही.’ हँडब्रेक पूर्ण ओढा. तरी अंधार असेल तर क्लस्टर खोलून बल्ब जागेवर आहे का ते आधी बघा, भावाचं नंतर बोला.