बाई नकोत, बॉट हवा

तुमच्या वाडीतल्या शाळेचा पट सात असेल, तर आधी लाज वाटून घ्या. सात मुलं आणि एक बाई, ही काय शाळा झाली? कोण काल बापाबरोबर होडीवर गेला होता म्हणून आज पेंगतोय, हेसुद्धा बाईंना ठाऊक. इतके लाड परवडतात कुणाला? तेव्हा पोरांना खाडीपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायला मुकाट्याने संमती द्या. तिथे साठ जणांच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा बॉट प्रत्येकाकडे जातीने लक्ष देणार आहे.

हसू नका, याला शास्त्राधार आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं की, एकट्याला शिकवणी मिळालेलं सर्वसाधारण मूल वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. पण मुलागणिक शिक्षक आणायचा कुठून? म्हणून यंत्र. (सातांना एक होती म्हणता? गेली ती, सोडा आता.)

यंत्राचा खटाटोप त्याच्याही आधीचा. १९७० साली कार्बोनेल नावाच्या संशोधकाचा ‘स्कॉलर’ हा संगणक प्रोग्राम दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर मुलाला प्रश्न विचारायचा आणि मुलानेही त्याला विचारावेत अशी सोय होती. पुढे संशोधक चुकांच्या मागे लागले. पोराने ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिलं, तर ते ढ नव्हे. एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढा एकच नियम ते इमानाने पाळतंय. हे ओळखणारं सॉफ्टवेअर घडवायला मोठमोठी डोकी राबली. बाई पाटीवर नजर टाकून म्हणायच्या, “दोनातून सात जातत काय रे? शेजाऱ्याकडसून दहा हाड.” त्याचा अहवाल कुठे आहे? आलेख? काही नाही.

नव्या बॉटला मात्र मालवणीत काही विचारू नका. एकाने “माका कळाक नाय” म्हटलं, तर त्याने मक्याच्या लागवडीची सविस्तर माहिती दिली. पावसाळ्यात लाईट गेली, तर मुलांना टॅब घेऊन सड्यावर पाठवा. रेंज तिथेच येते. विजा चमकत असतील तर गृहपाठ उद्या.

आणि निवृत्त बाई गावातच राहत असतील, तर संध्याकाळी पोरं त्यांच्या पडवीत पाट्या घेऊन बसलेली दिसतील. ओरडू नका. डॅशबोर्डवर त्या वेळेची नोंद ‘स्वयंअध्ययन’ अशी करा, गुण यंत्राच्या खात्यात जातात.