लाकूड वापरलं की जंगल संपलं? त्या मेसेजचे पाच मुद्दे जरा तपासून बघू

"लाकडाची प्रत्येक वस्तू म्हणजे एका जंगलाचा खून" असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत: जंगलं लाकडासाठीच संपतायत, तोडलेल्या झाडाच्या जागी रोपं लावतात हे थोतांड आहे, सॉ मिलमध्ये अर्धं झाड कचऱ्यात जातं, त्यापेक्षा स्टील नाहीतर प्लास्टिक वापरा, आणि लाकडावरचे ते सर्टिफिकेटचे शिक्के म्हणजे निव्वळ मार्केटिंग. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असेल, पण झाड तोडणं आणि जंगल संपवणं या दोन गोष्टी त्यात सरसकट एक करून टाकल्यात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

"जंगलं लाकडासाठीच संपतायत." नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, सॅटेलाइटच्या फोटोंवरून 2000 ते 2018 या काळाचा हिशोब मांडला होता, त्यात जवळपास 90 टक्के जंगलतोड शेती आणि चराईसाठी झालेली दिसली. साधारण निम्मी पिकांच्या जमिनीसाठी, त्याखालोखाल गुरांच्या कुरणांसाठी. साधी गोष्ट आहे, झाड तोडल्यावर ती जमीन जंगल म्हणूनच ठेवली तर तिथे परत झाडं येतात, पण तिथे सोयाबीन किंवा पाम लावला, कुरण केलं, की विषय संपला. अजून एक, जगात जेवढं लाकूड तोडलं जातं त्यातलं ढोबळमानाने निम्मं सरपण म्हणून जळतं, ते फर्निचरपर्यंत येतच नाही.

आता लाकूडतोडीला क्लीन चिट देतोय असं समजू नका. उष्ण कटिबंधातल्या जुन्या जंगलात मोजकी महागडी झाडं काढायला रस्ता पाडतात, आणि मग त्याच रस्त्याने बाकीचे आत शिरतात, जंगल विरळ होत जातं. शिसवीच्या जातकुळीतल्या लाकडाची तर इतकी लूट झाली की 2017 पासून तो अख्खा वंश साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आणावा लागला. पण हा चोरीचा आणि ढिसाळ कारभाराचा प्रश्न आहे, प्रत्येक फळीचा नाही.

"रोपं लावतात हे थोतांड." इथे मी अर्धा त्यांच्या बाजूने आहे. 'एक तोडलं, दहा लावली' या आकड्याला खरंच काही अर्थ नाही, दहातली जगली किती, वाढली किती, ते कोण सांगणार? पण मुळात वनशास्त्रात हिशोब रोपांचा नसतोच, वाढीचा असतो. जंगलात दरवर्षी किती घनमीटर लाकूड नव्याने वाढतं ते मोजायचं आणि तोड त्याच्या आत ठेवायची. कल्पना नवी नाही, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना तेव्हा 1713 मध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या तिथल्या खाण अधिकाऱ्याने हेच लिहून ठेवलं होतं.

आणि लावायची गरज सगळीकडे असतेच असंही नाही. बीच या झाडासारखी सावलीत तग धरणारी जात असेल तर मोठं झाड काढल्यावर खालची पिल्लं आपोआप वर येतात, पाइनला भरपूर ऊन लागतं म्हणून तिथे मोकळा पट्टा करून बियांसाठी काही मोठी झाडं उभी ठेवतात, निलगिरी आणि साग तर बुंध्यातूनच परत फुटतात. मधल्या काळात विरळणी चालू असते, शेतात दाट उगवलेलं पीक विरळ करतात तशीच, वाकडी आणि दबलेली झाडं आधी काढायची म्हणजे उरलेली जाड होतात. मेसेजमधला तोडलेल्या खोडांच्या ढिगाऱ्याचा फोटो विरळणीचा आहे की सफाया केल्याचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही, आणि तोच फोटो पुरावा म्हणून फिरतोय!

हो, एका ओळीत लावलेली एकाच जातीची झाडं म्हणजे जंगल नव्हे, हे शंभर टक्के मान्य. जुनं नैसर्गिक जंगल तोडून तिथे निलगिरी लावणं याला टिकाऊ म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर विक्रेता. पण एफएओच्या 2020 च्या अहवालात जगातल्या एकूण जंगलात लावलेल्या जंगलाचा वाटा 7 टक्के होता, आणि आधीच उजाड असलेल्या जमिनीवर अशी लागवड उभी राहिली तर नैसर्गिक जंगलावरचा लाकडाचा भार कमी होऊ शकतो.

"सॉ मिलमध्ये अर्धं झाड कचऱ्यात जातं." ओंडका गोल असतो आणि फळी चौकोनी, त्यामुळे ओंडक्याच्या साधारण निम्म्या भागाचंच चिराऊ लाकूड होतं, आकडा बरोबर आहे. पण उरलेलं कचरा आहे हे कोणी सांगितलं? कडेच्या गोलसर तुकड्यांच्या चिपा होतात आणि कागदाच्या लगद्याला जातात, भुसा आणि बारीक तुकडे पार्टिकल बोर्ड, एमडीएफ अशा दाबून बनवलेल्या फळ्यांना, आणि साल बऱ्याच मिलमध्ये बॉयलरमध्ये जळते, ज्याच्या उष्णतेवर त्याच फळ्या भट्टीत सुकवतात.

हे सुकवणं म्हणजे खरं कसबाचं काम. ताज्या लाकडात कधीकधी कोरड्या लाकडाच्या वजनापेक्षाही जास्त पाणी असतं. आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं, तेव्हा लाकूड आकसत नाही, पण ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि आकसणं सुरू, तेही सगळीकडे सारखं नाही, गाभ्याकडून सालीकडे जेवढं, त्याच्या जवळपास दुप्पट वाढीच्या वलयांच्या दिशेने आणि लांबीत जवळजवळ नाहीच. फळीला बाक येतो, पीळ पडतो तो यामुळे. घाईत सुकवलं की वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात, तो माल मात्र खरंच फुकट. म्हणजे वाया जाण्यावर बोलायचंच असेल तर करवतीपेक्षा भट्टीवर बोला ना.

फांद्या-शेंडे जंगलातच पडलेले दिसले तर त्यावरही ओरड होते, पण त्यातलं बरंचसं तिथेच राहिलेलं बरं, माती, बुरशी, किडे सगळे त्यावर जगतात.

"स्टील, प्लास्टिक वापरा." हा सल्ला वाचून मी खरंच हसलो. कोळशाच्या भट्टीतून एक टन स्टील काढताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि बहुतेक प्लास्टिक तेल आणि गॅसमधून येतं. कोरड्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन हवेतूनच ओढलेल्या कार्बनचं असतं आणि वस्तू टिकेल तोवर तो तिच्यात अडकून राहतो. नॉर्वेत 2019 मध्ये पूर्ण झालेली म्योस्टॉर्नेट ही 85 मीटर उंच इमारत चिकटवलेल्या लाकडाच्या खांब-तुळयांवर उभी आहे. मात्र वस्तू चार वर्षांत फुगली म्हणून फेकून देणार असाल तर लाकडाचा हा फायदा विसरा.

"शिक्के म्हणजे मार्केटिंग." काही शिक्के तसे असतातही, हिरवं पान छापलं की झालं. पण एफएससी (1993) आणि पीईएफसी (1999) या लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातून आलंय का ते प्रमाणित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था, यांच्यात निदान जंगलापासून कारखान्यापर्यंत प्रत्येक हाताची तपासणी असते. त्यातही पळवाटा निघाल्यात, घोटाळे उघडकीला आलेत, पण तपासायला काहीतरी असतं हा फरक आहे. एफएससीच्या लेबलवर एक कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. आणि हे लक्षात ठेवा की लाकूड सर्टिफाइड असलं तरी फर्निचर बनवणारा स्वतः त्या साखळीत नसेल तर त्याला आपल्या मालावर ते लेबल लावता येत नाही, त्यामुळे 'आमचं लाकूड सर्टिफाइड आहे' असं कोणी नुसतं तोंडी सांगितलं तर आधी कोड मागा.