'इम्युनिटी वाढवा' म्हणणाऱ्यांनो, या विषाणूला तेच हवंय

आज परत तो फॉरवर्ड आला. 'इम्युनिटी वाढवा, एचआयव्हीसुद्धा जवळ फिरकणार नाही.' खाली हात जोडलेले दोन इमोजी. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे.

अहो, एचआयव्ही शिरतो ती पेशीच मुळी तुमच्या त्या इम्युनिटीची! मदतनीस टी पेशी. स्वतः क्वचितच कुणाला मारते. बाकीच्या पेशींना कामाला लावणं हे तिचं काम. तिच्या अंगावर सीडी४ नावाचं प्रथिन असतं. रिपोर्टमधला 'सीडी४ काउंट' म्हणजे याच पेशींची मोजदाद.

विषाणू किती मोठा? साठ-सत्तर ओळीने मांडले तर एका टी पेशीची रुंदी भरेल. जनुकं अवघी ९. अंगावर काटे डझनभर असतील-नसतील. काट्याच्या टोकाला जीपी१२० हे प्रथिन, ते सीडी४ला चिकटतं. सीडी४चा हा सहभाग १९८४ मध्येच कळला होता. पण गंमत अशी, की माणसाचं सीडी४ उंदराच्या पेशीवर बसवलं तर विषाणू तिला चिकटायचा, आत मात्र जायचा नाही. म्हणजे दाराला दुसरी कडी होती. ती सापडायला १९९६ उजाडलं: पेशीवरचंच आणखी एक प्रथिन, सीसीआर५, काही वेळा सीएक्ससीआर४. सीडी४ला चिकटल्यावर जीपी१२०चा आकार बदलतो, तोवर झाकलेला भाग उघडा पडतो आणि तो ही दुसरी कडी पकडतो.

यापुढचं मला सगळ्यात आवडतं (आवडतं म्हणणं विचित्र आहे, पण आवडतं). काट्याच्या बुडाशी दडलेलं जीपी४१ ताणून बाहेर येतं, त्याचं टोक पेशीच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, रुततं. मग ते मधोमध दुमडतं, केसांच्या पिनेसारखं. एक टोक पेशीत, दुसरं विषाणूत. दुमडताना दोन्ही पटलं इतकी जवळ ओढली जातात की ती एक होतात. भोक पाडलं, दार फोडलं असं काही नाही.

आत पडते ती शंकूच्या आकाराची डबी, तिच्यात आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकांच्या, दोन प्रती. ही डबी पेशीत शिरताच विरघळते असं मी कित्येक वर्षं शिकवलं. चुकीचं शिकवलं. आता दिसतंय की ती बऱ्याचदा अखंडच केंद्रकाच्या छिद्रातून आत जाते. आरएनएवरून डीएनए बनतो आणि इंटिग्रेज हे विषाणूचं विकर (एन्झाइम) तो आपल्या डीएनएत शिवून टाकतं.

आता त्या फॉरवर्डकडे. निवांत टी पेशीत या विषाणूचं फारसं जमत नाही, डीएनए विणायला लागणारा कच्चा माल तिथे अपुरा असतो. चेतवलेल्या पेशीत, म्हणजे इम्युनिटी जिला कामाला लावते तिच्यात, तो भरपूर. म्हणून तर दुसऱ्या एखाद्या लैंगिक आजाराची जखम असेल, तर एचआयव्हीचा धोका वाढतो. तिथे चेतवलेल्या टी पेशी गोळा झालेल्या असतात.

आणि निसर्गतः बचावणारे? काहींच्या सीसीआर५ जनुकाच्या दोन्ही प्रतींत ३२ अक्षरं गळालेली असतात. कडीच नाही, त्यामुळे नेहमीच्या एचआयव्हीला आत जाता येत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती वाढलेली नाही हो, एक प्रथिन कमी आहे! टिमोथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच दात्याच्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशी दिल्या, पहिल्यांदा २००७ मध्ये, आणि एचआयव्हीतून बरे झालेले ते पहिले गृहस्थ ठरले. पण तो उपचार इतका जोखमीचा, की कर्करोग नसताना कुणी सुचवणार नाही. बाकीच्यांसाठी रोजच्या गोळ्या आहेत. त्या नीट घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

गोळ्यांनी तो पूर्ण का जात नाही, असं विचारतात. काही संसर्ग झालेल्या पेशी मरत नाहीत, स्मृतिपेशी होऊन शांत बसतात. जुना शत्रू लक्षात ठेवून वर्षानुवर्षं जगायचं, एवढंच त्यांचं काम. विषाणू आत गप्प, एकही प्रथिन बाहेर नाही, गोळीला धरायला काही नाही. गोळ्या थांबवल्या आणि त्यांतली एखादी पेशी जागी झाली, की तिच्यासोबत तोही उठतो.